मास्तरांनी सैल केलेली पायरी

शिवणकाम करणाऱ्याला सगळेच मास्तर म्हणतात, तसं यांनाही म्हणत. पण वस्तीमागच्या टेकडीची पायवाट चढायला लागलं की मास्तरांचे अध्यक्ष होत. हे पद त्यांना कुणी निवडून दिलेलं नव्हतं. एका रविवारी झुडपं छाटताना ते इतक्या हुकमी आवाजात सूचना द्यायला लागले, की कुणीतरी म्हणालं, "बरं अध्यक्ष, तुम्ही म्हणाल तसं." चेष्टा मास्तरांना कळली नाही असं नाही. कळूनही त्यांनी ती ठेवून घेतली, गिऱ्हाइकाचं उरलेलं कापड शिंपी ठेवून घेतो तशी.

दुकानात त्यांना एवढा मान नव्हता. दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. त्यात एक मशीन, एक इस्त्री, आणि समोर काजं-बटणं करत बसलेली बायको. घरातलं आणि दुकानातलं अध्यक्षपद तिच्याकडे होतं. तिथे येणारा प्रत्येक जण काहीतरी तक्रार घेऊनच येई, कुणाची पँट ढगळ झालेली, कुणाची बाही काखेत काचणारी. टेकडीवर मात्र लोक थांबून सांगत, "ही वाट आहे ती मास्तरांमुळे." आणि ते खोटं नव्हतं. पूर्वी तिथे बकरीसुद्धा विचार करून पाय टाकत असे. मास्तरांनी मंडळी जमवली, दगड वाहिले, पायऱ्या बसवल्या. दगड बसवला की खाली चहूबाजूंनी कपच्या ठोकायच्या, मग वर उभं राहून दोन्ही पायांनी झुलून बघायचं. जरा जरी हलला तरी काढून पुन्हा बसवायचा. शिवण उसवायला लाजायचं नाही, हा त्यांचा धंद्यातला नियम त्यांनी टेकडीवरही चालवला.

बागा आणि पायवाटा सांभाळणाऱ्या असल्या हौशी मंडळांना उद्यान विभाग दरवर्षी अनुदान देई. ते या मंडळाला हवं होतं आणि खरोखरीच हवं होतं. वरच्या उभ्या चढावर कठडा नव्हता, म्हातारी माणसं झुडपांना धरून चढत. मागच्या वर्षी तपासणीसाठी अधिकारी बाई येणार असं कळलं. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण काय करतो? घर आवरतो. मंडळींनी टेकडी आवरली. वाट झाडली, पायऱ्यांच्या कडांना चुना ओढला, पाचोळ्याचा पत्ता ठेवला नाही. बाई चपलेला धूळ न लागता वर जाऊन आल्या, चहा प्यायल्या, "किती छान ठेवली आहे हो" म्हणाल्या आणि वर तसंच कळवलं. वाट उत्तम, अनुदानाची गरज दिसत नाही. अनुदान मिळालं ते तळ्याकाठच्या बागेच्या मंडळाला. त्या मंडळात खराटा कुठल्या टोकाला धरायचा हे तरी कुणाला माहीत होतं की नाही, देव जाणे.

त्यामुळे यंदा खजिनदारांनी आधीच बजावलं, "या खेपेला कुणी खराट्याला हात लावायचा नाही." खजिनदार म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक कॅशियर, सगळे त्यांना कॅशियरच म्हणत. मंडळी हसली. मास्तरही हसले. पण मागच्या वर्षी झालेलं हसं त्यांना विसरता आलं नव्हतं. तळ्याकाठचे लोक दुकानावरून जाताना मुद्दाम विचारत, "काय अध्यक्ष, खराटे झिजले का?"

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी मास्तर पहार घेऊन एकटेच वर गेले. नुसत्या पाचोळ्याने काय होणार, त्यांनी मनाशी म्हटलं, पाचोळा तर कुठेही साचतो. वळणावरच्या पायरीखालच्या कपच्या त्यांनी एकेक करून उपसल्या. स्वतः बसवलेल्या कपच्या, त्या सहजासहजी निघेनात. मग वर उभं राहून झुलून बघितलं. दगड चांगला डुगडुगत होता. बाईंनी यावर एकदा पाय ठेवला की काम झालं, एवढंच तेव्हा त्यांच्या डोक्यात होतं. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा विचार त्यांनी केला नाही असंही नाही. एक जाडजूड वाळकी फांदी ओढून आणून बाई येईपर्यंतपुरती त्यांनी पायरीवर आडवी टाकली, आणि आपण किती काळजी घेतो याचं मनात कौतुक करत शीळ घालत खाली उतरले.

सकाळी टेकडीवर सगळ्यांत आधी पोचत त्या सिस्टर. जन्मभर हॉस्पिटलात नर्स होत्या, निवृत्त झाल्या तरी नाव तेच राहिलं. त्यांचे पांढरे गणवेश मास्तरांनीच शिवले. एकट्या राहत, एकट्या चालत, आणि रविवारी मंडळाबरोबर घमेली उचलत. वळणावर त्यांना फांदी दिसली. आता वाटेत काही आडवं दिसलं तर ओलांडून जायचं नाही, उचलून कडेला टाकायचं, ही शिस्त मंडळाला अध्यक्षांनीच लावली होती. सिस्टरनी फांदी उचलून कडेला टाकली आणि पायरीवर पाय ठेवला. मनगट मोडलं, कंबर ठेचली.

अधिकारी बाई आल्या तेव्हा सगळीकडे तीच चर्चा होती. बाईंनी दगड पायाने हलवून बघितला, तोंड गंभीर केलं आणि म्हणाल्या, "नाही, यंदा तुमचं काम करायलाच हवं." त्या गेल्यावर कॅशियरांनी मास्तरांच्या पाठीवर थाप मारली. "सिस्टरना लागलं ते वाईटच झालं, पण आपलं अनुदान पक्कं झालं हो." मास्तर "हो" म्हणाले. त्या एका "हो"ची त्यांना नंतर किळस आली.

उद्यान विभागाला आता फक्त सिस्टरचं म्हणणं लिहून हवं होतं, की दगड सैल होता आणि त्यामुळे त्या पडल्या. ते आणायला मंडळाने अध्यक्षांनाच पाठवलं. दुसरं कोण जाणार?

सिस्टरच्या खोलीत खोकी बांधून ठेवली होती. परगावचा मुलगा आला होता, तो आईला कायमची घेऊन जाणार होता. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून सिस्टर बसल्या होत्या. मास्तरांनी चाचरत काम सांगितलं.

"असं कसं लिहून देऊ?" सिस्टर म्हणाल्या. "दगड तुम्ही बसवलेला. तुमच्या हातचा दगड हलायचा नाही."

"पण तपासणीत हलला तो."

"मी धाडकन पडले त्यावर, मग हलेल नाही तर काय होईल? खोटं कशाला बोलू, मास्तर. माझाच तोल गेला. जन्मभर दुसऱ्यांना हाताला धरून चालवलं, आता माझेच पाय दगा द्यायला लागले. मुलगा म्हणतो तेच बरोबर. तिथे सपाट आहे सगळं. बाहेर पडलंच नाही तर पडायची भीती नाही."

चहाचा कप पुढे आला तो मास्तरांनी कसाबसा संपवला आणि "बघतो, येतो" म्हणत अक्षरशः पळ काढला. रस्त्यात कुणी हाक मारली तर त्यांनी मान खाली घातली. सिस्टर त्यांच्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या पायांवरचा विश्वास सोडून बसल्या होत्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुकानात बायकोने विचारलं, "दिलं का लिहून?"

"त्यांना बरं नाही."

"आणि तुम्हाला काय झालंय? त्या पँटचा डावा पाय दोनदा शिवलात."

मास्तरांनी शिवण उसवायला घेतली. बायकोला सांगून टाकावं असं एकदा जिभेवर आलं. पण तिच्यासमोर लहान व्हायची त्यांची तयारी नव्हती. तशी ती त्यांना मोठं मानत होती असंही नाही, पण निदान चोर तर मानत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सिस्टरचा मुलगाच दुकानात आला. हातात आईचे ब्लाउज होते. "काका, एक बाही उसवून मोठी करून द्याल? प्लास्टर आत जात नाही." मग जरा जवळ सरकून तो म्हणाला, "आणि एक काम करा. आई अजून अधूनमधून टेकडीचं नाव काढते. तुमचं ती ऐकते. तुम्ही सांगा तिला, की आता वय झालं, एकटीने फिरणं बरं नाही. तुमच्या तोंडून आलं की तिला पटेल."

बायको काज करता करता म्हणाली, "सांगतील की. यांना सांगायला फार आवडतं."

मास्तरांनी मापपट्टी गळ्यातून काढली, पुन्हा घातली. आपण आता गप्प बसलो तर नुसतं गप्प बसणं राहणार नाही, हे त्यांना दिसत होतं. सिस्टर परगावच्या खोलीत खिडकीशी बसून राहणार होत्या, आणि आयुष्याच्या शेवटपर्यंत आपले पाय गेले असं समजणार होत्या. आणि इथे चढावर नवा कठडा होईल, त्याला हात लावून लोक म्हणतील, अध्यक्षांमुळे झाला. त्या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ब्लाउज शिवून ते स्वतः घेऊन गेले. मुलगा आत भांडी बांधत होता. मास्तर दारातच उभे राहिले, कारण आत जाऊन बसलो तर पुन्हा चहा पिऊन परत येऊ, याची त्यांना धास्ती होती.

"सिस्टर, दगड सैल होता."

"पुन्हा तेच काढलंत?"

"मी सैल केला. आदल्या संध्याकाळी, पहारीने. तपासणीत वाट वाईट दिसावी म्हणून. ती फांदीही मीच टाकली होती, कुणी पाय ठेवू नये म्हणून. तुम्ही ती उचलाल हे माझ्या ध्यानात आलं नाही."

मास्तरांनी रागाची तयारी केली होती. बोलणी खायची, हाकलून द्यायचीही. सिस्टरनी हळूच विचारलं, "म्हणजे माझा तोल गेला नव्हता?"

"नाही."

"पाय ठीक आहेत माझे."

"ठीक आहेत, सिस्टर."

सिस्टरच्या चेहऱ्यावर हसू आलं. साधं, मनापासूनचं, एखाद्या पेशंटचा ताप उतरला की येत असेल तसं. त्या आनंदासमोर उभं राहणं मास्तरांना सोसेना. सिस्टरच्या रागाला द्यायला त्यांच्याकडे उत्तर होतं, या हसण्याला काहीच नव्हतं.

"अरे, बाहेर ये," सिस्टरनी मुलाला हाक मारली. "मास्तर काय म्हणतायत ते ऐक. मास्तर, सांगा पुन्हा."

मास्तरांनी पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा ते जड गेलं. मुलगा हातातलं पातेलं घेऊन ऐकत होता.

"तुम्हाला काही वाटलं नाही हो?" तो म्हणाला. "आणि परवा इथे चहा पिऊन गेलात."

"वाटतं," मास्तर म्हणाले. "परवाही वाटत होतं. आता इथून कॅशियरांकडे जातो. त्यांनाही सांगतो आणि अर्ज मागे घ्यायला लावतो."

"ते तुमचं तुम्ही बघा," सिस्टर म्हणाल्या. त्या उठून एका खोक्यापाशी गेल्या आणि एका हाताने दोरी सोडायला लागल्या. मुलगा "आई, अगं" म्हणाला, पण त्यांनी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आतून त्यांनी चालायचे बूट काढले, पायात सरकवले आणि खुर्चीवर बसून पाय पुढे केला.

"नाड्या बांधा. मला एका हाताने जमत नाही."

मास्तर खाली बसले. पँटच्या मापासाठी ते जन्मभर लोकांच्या पायाशी बसत आले होते, पण असं कधी बसले नव्हते. गाठ मारून झाली तरी त्यांना मान वर करता येईना.

"आता चला, तो दगड बसवा," सिस्टर म्हणाल्या. गोळी जेवणानंतर घ्या असं सांगावं, तसाच त्यांचा आवाज होता. "मी तिथे उभी राहणार आहे. आणि मास्तर, यापुढे तुम्ही बसवलेल्या प्रत्येक दगडावर मी आधी काठी ठोकून बघणार."

"बघा," मास्तर म्हणाले. "बघायलाच हवं."