डब्बा दाखव, बाई

त्या दिवशी सकाळी तळ्याच्या पायरीवर हणमंतमामा होते, त्यांची बायको सुलामामी होती, मच्छी सोसायटीचा कारभारी मल्लय्या होता अन् मासे कापणाऱ्या आम्ही दोघी होतो, यादम्मा अन् मी कौसाबाई. मामा गेले, मामी गेली, मल्लय्या पण गेला. यादम्मा कुठं आहे ठाऊक नाही. म्हणून मी सांगते.

हणमंतमामा तळ्याचे राखणदार होते. मूळचे बिदरकडचे, आपल्यासारखं मराठी बोलायचे, मधेमधे दखनीतलं नक्को-हौ चालायचं. मी कामाला बसले त्या पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. समोर उभे राहिले अन् म्हणाले, "डब्बा दाखव, बाई." डब्ब्यात भाकर होती अन् ठेचा होता. त्यांनी भाकर उचलून तिच्याखाली बघितलं. मग झाकण लावून डब्बा परत दिला. मला इतका राग आला की दुपारी मी तो डब्बा उघडलाच नाही.

तेव्हा माझ्याकडं राग करायला पण वेळ नव्हता. नवऱ्याचा कारखाना बंद पडलेला. सगळीकडं खुलं झालं, बाहेरच्या कंपन्या आल्या, असं लोक बोलायचे. सुलतान बाजारात नव्या नव्या वस्तू दिसायच्या. आमच्या घरात नवरा खाटेवर पडून होता, तो उठलाच नाही. त्याचे दिवस झाले अन् मी विळी घेऊन तळ्याच्या कट्ट्यावर येऊन बसले. सकाळी मासे कापायचे, मग टोपलं डोक्यावर घेऊन चिक्कडपल्लीच्या वस्तीत दारोदार विकायचे. बोटं चिरायची, त्यात मीठ जायचं. सवय झाली.

आता मामांच्या त्या तपासणीचं सांगते. बाहेर देशातला एक मांगूर मासा तेव्हा नवीन आला होता. आपला गावठी मांगूर लहान असतो, हा हातभर वाढायचा. काळा, चपट्या डोक्याचा, लांब मिशांचा. दुसऱ्या माशांची अंडी खाईल, पिल्लं खाईल, काही मिळालं नाही तर आपलीच पिल्लं खाईल. तळ्याचा नियम असा होता, की जाळ्यात लहान मासा आला तर परत पाण्यात सोडायचा, वाढू द्यायचा. पण मत्स्य खात्याचे साहेब येऊन सांगून गेले, ह्या मांगराला उलटा नियम. लहान असो मोठा असो, एकदा हातात आला की परत पाण्यात जाता कामा नये.

साहेब सांगून गेले. मामांनी ते मनावर घेतलं. त्यांना वाटायचं कोणीतरी मुद्दाम आणून सोडतंय. बर्फाच्या टेम्पोत वाकून बघतील, धोब्याचं गाठोडं सोडतील. एकदा नवी नवरी काठावरच्या गंगम्मा देवीच्या दगडाला पाणी घालायला आली, तर तिच्या कळशीत हात घातला. तिचा दीर मारायला धावला. मामा म्हणाले, "माझ्या बापाचा पण भरोसा नक्को. त्याची पण कळशी बघितली असती."

लोकांनी मग उलट त्यांच्यावरच संशय धरला. यादम्मा म्हणायची, जो एवढा चोर शोधतो त्याच्याच घरी माल असतो. मला पण पटलं. एकदा मामा ओलं पोतं खांद्यावर टाकून बाभळींच्या मागं चालले होते. मी लपतछपत मागं गेले. म्हटलं, आज धरते ह्यांना विकताना. तर मामांनी खड्डा खणला होता. पोत्यातले मांगूर त्यात ओतले अन् तिथंच उकिडवे बसून राहिले. मागं न बघताच म्हणाले, "ये, कौसा. बघ तू पण. हा मेल्यावर पण मरत नाही. पुरून घरी गेलो अन् हा सरकत सरकत पाण्यात गेला तर?"

पावसाळा संपल्यावर एकदा जाळं ओढलं तर निम्मे मांगूर निघाले. रोहूचं पिल्लू औषधाला नाही. मल्लय्या पेटला. म्हणाला, हे कट्ट्यावरच्याच कोणाचं तरी काम आहे. माणूस सापडला नाही तर राखणदार अन् कापणाऱ्या बाया, सगळ्यांना हाकलतो. ती जागा गेली की माझी चूल गेली.

तेव्हापासून मामा पहाटेच पायरीवर येऊन बसायला लागले. घरी त्यांची नात चिमी तापानं फणफणली होती. दवाखाना चालू होता, पण ताप डोक्यात चढलेला. तरी मामा जागचे हलले नाहीत.

मग ती सकाळ. सुलामामी पदराखाली काहीतरी धरून पायऱ्या उतरत आली. मामांनी डब्बा ओळखला. त्यांची भाकर रोज त्यातच यायची.

"डब्बा दाखव," मामा म्हणाले.

मामी थांबली. "नका बघू. तुमच्या नातीसाठीच आहे. एक जीव सोडते, तिचा जीव मागून घेते."

"कुठून आणला?"

"बाजारातून. जिवंत हा मांगूरच मिळतो. मरळ जिवंत असते, पण आपल्याला परवडती का?"

मी यादम्माकडं बघितलं. तिनं मान खाली घातली. मागं तिच्या लेकीच्या बाळंतपणात तिनं पण नवस बोलला होता. तेव्हा आम्हाला कळलं. टेम्पो नाही, चोर नाही. घरात दुखणं आलं की बाया तळ्यात मासा सोडून जीवदान द्यायच्या, अन् गरिबाला परवडेल असा जिवंत मासा बाजारात हाच होता. त्यानं तळं भरलं होतं.

मामांनी डब्ब्यात हात घातला, मासा काढला अन् माझ्या विळीपुढं ठेवला.

"काप, कौसा."

मामी म्हणाली, "कौसा, नको गं."

मी कापला. मामी डब्बा तिथंच टाकून घरी गेली.

चिमी अमावस्येच्या आत गेली. मामी त्यानंतर नवऱ्याशी बोलली नाही. भाकर करायची, मामांच्या तळ्यावरच्या पत्र्याच्या खोलीच्या दारात ठेवायची. मल्लय्यानं कोणाला हाकललं नाही. पण मामा एकदा माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "कौसा, सोडला असता तर?" मी मासे कापत राहिले. मला काय ठाऊक?

मामांनी तपासणी सोडली नाही. पण नंतर त्यांच्याजवळ पाण्याची बादली असायची, तिच्यात तळ्यातलीच रोहूची, कटल्याची पिल्लं. बाई पदराखाली डब्बा घेऊन आली की आधी विचारायचे, "घरात कोण आजारी आहे, बाई?" ती सांगायची, रडायची. मग हळूच म्हणायचे, "डब्बा दाखव." तिचा मासा घ्यायचे अन् बादलीतलं पिल्लू तिच्या ओंजळीत द्यायचे. "हे सोड. जीवच आहे."

मामा त्याच पत्र्याच्या खोलीत वारले. दारात ठेवलेली भाकर तशीच होती, तेव्हा कळलं.

तुमच्या घरात कोणी आजारी असेल तर दवाखान्यात न्या. नवस बोलायचा तर बोला, दिवा लावा, कोणाला जेवू घाला. पण बाजारातला जिवंत मासा आणून तळ्यात सोडू नका.