शिऱ्यातली लवंग

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. पोरापाशी नाही, सुनेपाशी नाही, ग्वारीघाटावर नर्मदामाईसमोर हात जोडले तेव्हाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कदाचित माझी ती कादंबरी वाचली असेल. नसेल वाचली, तरी बसा जरा.

कादंबरीत लढाईच्या दिवसांतली फॅक्टरीची वसाहत आहे. सैनिकांच्या लाडवांसाठी बायांनी आपापल्या रेशनातून जमवलेली साखर डब्यातून निम्मी गायब होते. पापड लाटणारी गंगूआत्या घरोघरी चहा पीत चोर शोधते. एके ठिकाणच्या साखरेत डब्यातली लवंग सापडते अन् चोर निघतो बाहेरचा ठेकेदार. लोक म्हणतात, काय डोकं चालवलं बाई! डोकं? — चालवायला होतंच काय त्यात?

ते सगळं जबलपुरात, आमच्याच क्वार्टरांत झालं होतं. गंगूआत्या म्हणजे मी. डबा होता शकूकडे — समोरच्या दारातली शकू, माझी जिवाची मैत्रीण. बाहेर जाताना ती घराची चावी आमच्या खिळ्याला लावून जायची. इतका विश्वास.

साखर कमी भरली तशा बायांच्या नजरा फिरल्या. हळदीकुंकवाला कुणीतरी म्हणालं, शकूबाईच्या घरचा चहा आजकाल फार गोड लागून राहिला म्हणे. सगळ्या हसल्या. शकू वाटी खाली ठेवून उठली. मला बाजूला नेऊन म्हणाली, "मुंग्या लागू नये म्हणून मी डब्यात लवंगा टाकल्या होत्या. हे तुला अन् मलाच माहीत. ज्याच्या साखरेत लवंग, तो चोर. नलू, तूच शोध."

मग काय, मी निघाले. घरोघरी चहा. बाया चिडवायच्या, जासूस आली, आधण ठेवा. संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगायची, कुणाकडे काय पाहिलं, कुणाचा चेहरा कसा झाला. हे ऐकायचे, हसायचे. एकदा म्हणाले, ज्याच्या घरी डबा त्याच्यावरच संशय जाणार ना. मला ते पटलंही नाही अन् खुपलंही नाही. लवंगांचं तेवढं मी ह्यांना सांगितलं नव्हतं. शकूची शपथ होती.

आमच्या बाळूचा पहिला वाढदिवस आला. ह्यांनी कागदाच्या पुडीतून साखर आणली, दीक्षितपुऱ्यात ओळखीचा दुकानदार आहे म्हणाले. मी शिरा केला. दुसऱ्या घासाला दाताखाली आली — लवंग. बाकीच्या ह्यांनी वेचल्या असतील. एक राहिली.

मी सगळ्यांची घरं पाहिली होती. माझ्याच भिंतीवरचा तो खिळा पाहिला नव्हता.

"शिऱ्यात लवंग कशी हो?" एवढंच विचारलं. ताटावरून मान वर न करता हे म्हणाले, "दुकानदाराची असेल." रोज माझ्यासमोर बसून माझा तपास ऐकणारा माणूस! रात्रपाळी करून दुपारी घरी असायचे, चावी हाताशी, अन् मी मूर्ख त्यांनाच सगळं सांगत होते. असं वाटलं, कुणी माझ्याच हातानं माझे डोळे झाकले.

पण शकूचे डोळे कुणी झाकले? दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, काही सापडलं का गं? मी म्हटलं, नाही. तिच्या तोंडावर. नंतरही प्रत्येक वेळी तेच. बायांनी तिला बोलावणं सोडलं, पुढे तिच्या नवऱ्यानं बदली मागून घेतली. सामान टांग्यावर चढवताना ती मला म्हणाली, "तू शोधून राहिली होती म्हणून मी कुणाशी भांडले नाही." मी तिला दही दिलं हातावर.

हे गेले. म्हातारपणी कादंबरी लिहिली. लवंग तशीच ठेवली, चोर बदलला. वाटलं, गोष्ट छान झाली.

परवा शकूचा फोन आला. इतक्या वर्षांनी. तब्येत विचारली, बाळूचं विचारलं, कादंबरी वाचली म्हणाली. मग म्हणाली, "काहून गं नलू, लवंग तुझ्याच घरी निघाली होती ना?"

मी म्हटलं, आवाज नीट येऊन नाही राहिला. अन् फोन ठेवला.

आवाज चांगला येत होता.

लवंग माझ्याच घरी निघाली होती. ती मी तोंडातून काढून ताटाच्या कडेला ठेवली, अन् शिरा संपवला.