वखारीवरचे दोन राखणदार

तुम्ही दोघं नातवंडं प्रदर्शनाचे फोटो मागताय आणि मी दर शुक्रवारी काहीतरी कारण सांगते. फोटो चांगले आलेत. पण ते पाठवण्याआधी जे सांगायला हवं, ते फोनवर माझ्या तोंडून निघत नाही. म्हणून लिहिते आहे. कुठे अडलं तर आईकडून वाचून घ्या.

आखातातल्या या छोट्या देशातल्या आमच्या मराठी मंडळाने यंदा महाराष्ट्र दिनाला जुन्या पत्रांचं प्रदर्शन करायचं ठरवलं. ब्रिटिशांच्या काळात इथल्या बंदराचं रक्षण कोणी करायचं, यावर लंडनचं सरकार आणि हिंदुस्थानातलं सरकार यांची पत्रापत्री चालली होती. त्या पत्रांच्या प्रती आता कोणालाही संगणकावर वाचता येतात. माझं इंग्रजी चांगलं, आणि एका शिपिंग एजंटाच्या ऑफिसात मी उभा जन्म फायली लावण्यात घालवलेला, म्हणून काम माझ्याकडे आलं.

वाचायला मजा यायची. लंडनचं म्हणणं, हे बंदर हिंदुस्थानच्या वाटेवर आहे, तर पहारा हिंदुस्थानने द्यावा. हिंदुस्थान सरकारचं म्हणणं, वाट साऱ्या साम्राज्याची आहे, तर जहाजं आणि तोफा लंडनने पाठवाव्यात. आम्ही फार तर माणसं देऊ. मग ती माणसं कोणाच्या हुकमात, यावर आणखी पत्रं. सगळी अतिशय नम्र. नकार कुठेच नाही, फक्त समोरच्याने विचार करावा अशी विनंती.

मी सहा तक्ते केले. डावीकडे लंडन, उजवीकडे हिंदुस्थान, मध्ये मराठीत सारांश. प्रत्येक तक्त्यावर मोजून सारख्याच ओळी. जी पत्रं या मांडणीत बसली नाहीत ती मी ‘इतर’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली.

तक्ते छापून आले त्याच आठवड्यात भाई आमच्या बुदैयाच्या घरी आले. तुम्ही त्यांना पाहिलंय; मागच्या सुट्टीत तुमच्या सायकलची साखळी त्यांनीच जोडून दिली होती. रत्नागिरीकडचे, हिद्दला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात वेल्डर होते. त्यांच्या मुलींना मी इंग्रजी शिकवलं, तेव्हापासून मी त्यांची ‘बाई’. मेअखेर ते कायमचे गावी जाणार होते.

त्यांनी रुमालातून पितळेचा एक बिल्ला काढून टेबलावर ठेवला. त्यावर नुसता एक आकडा होता.

“आमच्या आज्याचा,” ते म्हणाले. “बंदरातल्या कोळशाच्या वखारीवर राखणदार होता. गावचे दोघे आणलेले. मग साहेब गेले, जहाज काही न्यायला आलं नाही. दुसरा मचव्यातून पळाला. आमचा बसला वाट बघत.”

“किती दिवस?”

“इथेच पुरलाय बाई. आता तुम्हीच मोजा.”

त्यांना एवढंच हवं होतं, की वखारीवरचे राखणदार रत्नागिरीहून आणले होते ही एक ओळ तक्त्यावर यावी. नावही नको म्हणाले. “बायको बघेल, नातू वाचेल. मग यल्ला, चला, आम्ही निघालो.”

मी विचारलं, “कागद आहे का काही?”

“कागद त्यांच्याकडे. आमच्याकडे माणूस होता.”

आता जे लिहायचं ते हे. त्या क्षणी मला आठवलं होतं. ‘इतर’मध्ये वखारीच्या पहाऱ्याबद्दल तीन लहान पत्रं होती आणि ती मी वाचली होती. पण तक्ते छापून झाले होते. सहावा तक्ता पुन्हा करायचा, किंवा खाली एक चिठ्ठी चिकटवायची, आणि माझी सरळ रेषा मोडायची. मी म्हटलं, “भाई, हे ठरवायचा अधिकार मंडळाच्या समितीचा. तुम्ही अध्यक्षांना विचारा.”

ते अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष तुमच्या मामाच्या वयाचे, मला मावशी म्हणतात. त्यांनी मला मेसेज केला: “मावशी, मजकूर तुमच्याकडे आहे. तुम्ही म्हणाल ते.” मी उत्तर पाठवलं, की कागदाशिवाय ओळ घालणं समितीला योग्य वाटत असेल तर माझी हरकत नाही. ऑफिसात नको असलेली फाइल आम्ही अशीच दुसऱ्या टेबलावर सरकवायचो. अध्यक्षांनी भाईंना पुन्हा माझ्याकडे पाठवलं. हिद्दहून बुदैया म्हणजे देशाचं एक टोक ते दुसरं. भाई तीनदा आले. तिसऱ्या वेळी मी चहासुद्धा विचारला नाही, कारण चहा झाला असता तर बोलावं लागलं असतं.

प्रदर्शनाला ते इस्त्रीचा शर्ट घालून, भाभींना आणि नातवाला घेऊन आले. नातू प्रत्येक तक्ता वाचत होता आणि भाई त्याच्या बोटाकडे बघत होते. सहाव्या तक्त्याशी नातू थांबला आणि म्हणाला, “दॅट्स ऑल, दादा.” भाई माझ्याकडे वळून म्हणाले, “छान केलंय बाई. एकदम नीट.”

तुम्हाला हवे असलेले फोटो त्याच दिवसाचे. एकात मागे भाई दिसतात.

चार दिवसांनी मी त्या तीन पत्रांच्या प्रती घेऊन हिद्दला गेले. घरात खोकी बांधून ठेवलेली. एका खोक्यावर बसून भाई म्हणाले, “मराठीत वाचा.”

मी वाचलं. पहिल्या पत्रात हिंदुस्थान सरकार विचारतं, वखार बंद झाली, तर तिथले रत्नागिरीचे दोन पहारेकरी परत कोण आणणार; लंडनच्या कामावर होते, लंडनने आणावेत. दुसऱ्यात लंडन म्हणतं, माणसं तुमची, तुम्ही बघा. तिसऱ्यात फक्त इतकंच, की विषय फाइल करावा.

“नावं?”

“नाहीत.”

भाईंनी तिन्ही पत्रं हातात घेऊन उलटून पाहिली. मग म्हणाले, “म्हणजे बाई, या दोन सरकारांतलं एक तुम्ही आणि एक अध्यक्ष.”

भाभी आतून म्हणाल्या, “गप बसा. घरी आल्यात त्या.”

“मी काय खोटं बोललो? हसतोय मी.”

हसत होते खरंच. मला मात्र वर बघवेना. मी सांगितलं, की तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हाच हे कागद माझ्याकडे होते, आणि ते मला आठवतही होतं. त्यावर त्यांचं हसू गेलं. भाभी दारात येऊन उभ्या राहिल्या. कोणी मला ‘असू दे’ म्हणालं नाही, आणि ते बरंच झालं.

मग भाईंनी नातवाच्या वहीतलं एक पान फाडून माझ्यापुढे ठेवलं. “जे वाचलंत ते मराठीत लिहून द्या. गावी मशिदीत वाचून दाखवीन.” मी लिहिलं. या वेळी ओळी मोजल्या नाहीत. पान त्यांच्याकडे दिलं, त्यांनी ते पाहिलं आणि परत केलं.

“खाली सही करा, बाई. तुमचं पूर्ण नाव. कोणीतरी एकाने करायला पाहिजे.”

मी सही केली. अक्षर वाकडं आलं. त्यांनी ते पान बिल्ल्याबरोबर रुमालात बांधलं आणि खोक्यात नाही, खिशात ठेवलं.

फोटो या पत्रासोबत पाठवते आहे. सहावा तक्ता बघाल तेव्हा त्याच्याखाली एक ओळ कमी आहे, हे तुम्हाला माहीत असावं.