सुमन आत येऊन बसली

बाहेरून कडी लागली तेव्हा माझं पोर पलीकडे रडत होतं. महिन्याचंही नव्हतं. मी कापसाच्या खोलीत, दाराला डोकं लावून. दुधानं चोळी ओली झालेली. बाळंत झाल्यापासून मला झोप नव्हती, पोराला हात लावायची भीती वाटे. सासू म्हणाली, हिला बाहेरचं लागलं, पोराचं वाईट करील, मांत्रिक येईस्तोवर कोंडून ठेवा. उंद्रीच्या त्या घरात तिच्यापुढे कोणी बोलत नसे, नवराही नाही.

धाकटी बहीण सुमन तेव्हा अमरावतीला मानसशास्त्र शिकत होती. निरोप मिळताच आली. मला वाटलं, भांडेल. भांडली नाही. सासूला म्हणाली,

"मावशी, मले बी आत कोंडा."

"येडी झाली का, पोरी? तुले बी लागन ते."

"लागू द्या. तुमचा मांत्रिक एकाच फेरीत दोघींचं उतरवून मोकळा."

ती आत आली, कापसावर बसली. "अक्का, झोप काऊन येत नाही? सांग." तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं... मी बोलत राहिले. तिचं ताट आलं, तिनं परत धाडलं. "अक्का पोराले घेऊन डॉक्टरकडे गेली, तवाच जेवीन." दुसऱ्या दिवशीही तेच. व्याह्यांची कुवार पोरगी घरात उपाशी, हे गल्लीत कळलं. भुतापेक्षा सासूला त्याची धास्ती जास्त. कडी निघाली, पोर मांडीवर आलं. चिखलीच्या डॉक्टरांच्या गोळ्या बरेच महिने घेतल्या. बरी झाले, पण घर तेच होतं, सासूही तीच.

पुढे सुमन बुलढाण्यात लोकांची मनं ऐकायला बसली. रविवारच्या पुरवणीत मेंदूवर, भीतीवर लिहू लागली, पुस्तकं झाली. छापण्याआधी मला वाचून दाखवायची. "समजलं का?" "नाही." "मंग पुन्हा लिहा लागन." आणि चिडायची. हेकटच होती ती. मोठ्या माणसांचाही पाणउतारा करी, स्वयंपाक तर विचारू नका.

त्या खोलीबद्दल तिनं कितीदा तरी लिहिलं. लिहिताना 'एक बाळंतीण' एवढंच. व्याख्यानात लोक तोंडावर म्हणत, मॅडम, ही गोष्ट तुम्ही रचली. ती गप्प ऐकून घेई, कारण मला त्याच घरात नांदायचं होतं. नाव फुटलं असतं तर जन्मभर मी भूत लागलेलीच राहिले असते.

मागच्या महिन्यात सुमन गेली. सासू केव्हाच गेली, नवराही गेला. आता माझ्यासाठी कोणी गप्प बसायची गरज नाही.

ती बाळंतीण मी. सुमनची थोरली बहीण, गंगा.