ओठ नाही, डोळे बघ

माझ्या धाकट्या भावाला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत, असं मी बारा वर्षं ऐकत आले. डॉक्टर म्हणाले, नातेवाईक म्हणाले, आणि शेवटी मीही म्हणाले. आता लिहायला बसले आहे ती डोकं शांत झालं म्हणून नाही. झालेलं नाही.

भावाला स्किझोफ्रेनिया आहे. शब्द पूर्ण लिहिते, कारण आमच्या घरात तो कधी पूर्ण उच्चारला गेला नाही. आई 'त्याचं ते' म्हणायची. काका अजून 'जरासा भोळा हाय' म्हणतात. मी शाळेत शिकवते, तिथे 'भावाला बीपीचा त्रास आहे' असं सांगून मोकळी झाले होते. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हापासून घरात एकच शिकवण होती, की कोणापुढे मान खाली घालायची नाही. जातीवरून कोणी वाकडं बोललं तर आम्ही तिथल्या तिथे सुनावतो. या एका आजारापुढे मात्र सगळं घर पायाच्या अंगठ्याकडे बघत बसलं.

म्हणून आम्ही औषधासाठी अकोल्याला जायचो. अमरावतीत मनाच्या आजाराचे डॉक्टर नाहीत का? आहेत, आमच्या राजापेठेतून चालत जाता येईल इतके जवळ. पण तिथल्या बाकावर कोणी ओळखीचं भेटलं तर काय, हा प्रश्न. त्यापेक्षा दर दीड महिन्याला एसटीने मूर्तिजापूरवरून अकोला. अकोल्याची माणसं याच कारणासाठी अमरावतीला येतात, हे मला फार उशिरा कळलं. त्या एका रस्त्यावर रोज किती शहाणी माणसं आपापली आजारी माणसं लपवत एकमेकांना ओलांडत असतील, या विचाराने अजून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

गोळ्यांनी भावाला ऐकू येणारे आवाज थांबले. चेहऱ्यांचं कोडं मात्र राहिलं. समोरच्याच्या चेहऱ्यावर काहीच नसलं, नुसता साधा चेहरा असला, की त्याला तिथे राग दिसायचा. दूधवाला सुटे पैसे शोधत कपाळाला आठ्या घालायचा आणि हा आत येऊन म्हणायचा, "ताई, तो माह्यावर चिडून राहिला." आई गेली त्या दिवशी मावशी हंबरडा फोडत होती, तर याने सगळ्यांच्या देखत मला विचारलं, "मावशी काहून हसून राहिली?" तोंड उघडं होतं, दात दिसत होते, त्याने तेवढंच पाहिलं. मावशी वर्षभर आमच्याकडे आली नाही. तिला कोणी समजावलं नाही, कारण समजावायचं तर तो शब्द उच्चारावा लागला असता.

अकोल्याच्या दवाखान्यात एक समुपदेशक बाई होत्या. त्यांनी आम्हाला कार्डांचा गठ्ठा दाखवला. आनंद, दुःख, राग, भीती, किळस, आश्चर्य, असे सहा प्रकारचे चेहरे आणि सातवा साधा, काहीच नसलेला. कार्ड दाखवायचं, त्याने सांगायचं. "हा माणूस ओठांकडे बघतो," बाई म्हणाल्या, "त्याला डोळ्यांकडे बघायला शिकवा." कार्डांवरची माणसं सगळी परदेशातली, गोरीपान, बत्तीस दात दाखवून हसणारी. अमरावतीत असं कोण हसतं? माझा तर संतापच झाला. मी शाळेतल्या सहकाऱ्यांना 'मुलांच्या उपक्रमासाठी' म्हणून उभं केलं, मोबाइलवर फोटो काढले आणि जाड कागदावर छापून आणले. उपक्रम! तिथेही खरं बोलले नाही.

रोज शाळेतून आले की चहा आणि मग कार्डं. ओठ नाही, डोळे बघ. हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल याला सुमार नाही. बरोबर उत्तराला मी वहीत टिक करायची, चुकीला फुली. शिक्षकाचा हात, तो कुठे गप्प बसतो. आनंद त्याला लवकर जमला. मग दुःख. साध्या चेहऱ्याला 'राग' म्हणणं हळूहळू कमी झालं. भीती मात्र काही केल्या ओळखू येत नव्हती. भीतीच्या कार्डाला तो प्रत्येक वेळी 'आश्चर्य' म्हणायचा. वहीत त्या रकान्यात नुसत्या फुल्या.

हा सगळा खटाटोप होता त्याच्या नोकरीसाठी. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीतल्या एका कापडाच्या कारखान्यात तो तपासणीच्या टेबलावर होता. खालून दिवा लावलेल्या काचेवरून कापड सरकत जातं, त्यातला तुटका धागा, गाठ, डाग हेरायचा आणि खूण करायची. तीन वर्षं त्याच्या टेबलावरून खराब कापड पुढे गेलं नाही. कापडाला चेहरा नसतो, म्हणून तो तिथे सुखात होता. पगाराच्या दिवशी येताना माझ्यासाठी गरम आलूबोंडे आणायचा. मग नवा सुपरवायझर आला. माणूस वाईट नव्हता, पण चेहरा जन्मजात आंबट. भाऊ तीनदा काम सोडून गेटबाहेर जाऊन बसला. "तो मले मारते," म्हणायचा. मॅनेजरने मला बोलावलं. "काम चांगलं आहे मॅडम, पण मशीन चालू सोडून कोणी गेलं तर मी काय करू? माणसांत काम करू शकतो असं डॉक्टरांकडून लिहून आणा. महिनाअखेरपर्यंत थांबतो." त्याचंही चूक नव्हतं.

त्या चिठ्ठीसाठी आम्ही अकोल्याला गेलो. बसमध्ये भाऊ कार्डांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसला होता, परीक्षेला जाणारा मुलगा पुस्तक धरतो तसा. चाळिशी उलटलेला माणूस.

दवाखान्यात गर्दी होती. आम्ही भिंतीकडच्या बाकावर बसलो आणि समोर पाहिलं तर आमच्या गल्लीतल्या काकू. आमच्यापासून चौथं घर. त्यांची मुलगी शेजारी, ओढणी कपाळापर्यंत ओढून, बोटांची नखं खात बसलेली. हुशार पोर, तिच्या बारावीच्या निकालाचे पेढे आम्ही खाल्ले होते. काकूंनी मला पाहिलं. मी काकूंना पाहिलं. आणि दोघींनी एकदमच माना वळवल्या. त्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागल्या, मी चपलेचा अंगठा. नऊ वर्षांचा शेजार, आणि दोघी एकमेकींना अनोळखी. सांगावं लागलं नाही, ठरवावं लागलं नाही. आम्हा शहाण्या माणसांना ही विद्या जन्मतःच येते.

भावाला ती येत नाही. तो खूश होऊन मोठ्याने म्हणाला, "काकू! तुमी इथं?"

काकू हलल्या नाहीत. सगळा बाक आमच्याकडे बघू लागला. भावाने पुढे वाकून त्यांच्याकडे नीट पाहिलं. ओठांकडे नाही. मी शिकवलं होतं तसं डोळ्यांकडे. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, काकू घाबरून राहिल्या."

भीती. वहीतल्या त्या रकान्यातलं पहिलं बरोबर उत्तर. तेही कार्डावर नाही, जिवंत चेहऱ्यावर, भर गर्दीत, कोणी न विचारता. मी उठून नाचायला हवं होतं.

मी त्याच्या दंडाला चिमटा काढला आणि म्हणाले, "त्या काकू नाईत. दुसऱ्याच बाई हायेत. अन् घाबरल्या-बिबरल्या काही नाईत. तुले नाही समजत. गप बस."

त्याने पुन्हा एकदा समोर पाहिलं, मग माझ्याकडे, मग मांडीवरच्या गठ्ठ्याकडे. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी एकाही मुलाच्या बरोबर उत्तरावर फुली मारली नव्हती. ती मारली माझ्या भावाच्या उत्तरावर, आणि तीही उत्तर बरोबर आहे हे पक्कं माहीत असताना.

आत गेल्यावर डॉक्टरांनी आमच्याच गठ्ठ्यातली कार्डं दाखवली. पहिलं आनंदाचं. तो माझ्याकडे वळला. "ताई, काय हाय हे?"

"तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले.

"मले नाही समजत," तो म्हणाला. "ताईले विचारा."

प्रत्येक कार्डाला हेच. ताईले विचारा. आदल्या संध्याकाळी फटाफट सांगितलेली कार्डं होती ती. डॉक्टरांनी गठ्ठा ठेवला आणि म्हणाले, अजून तयारी नाही दिसत, तीन महिन्यांनी बघू. चिठ्ठी दिली नाही.

मला तेव्हा एवढंच म्हणायचं होतं: डॉक्टर, आत्ता बाहेर याने भीती अचूक ओळखली आणि मी त्याला खोटं पाडलं. एक वाक्य. त्या एका वाक्यावर त्याचं टेबल, त्याचा दिवा, त्याचा पगार अवलंबून होता. पण दार अर्धवट उघडं होतं आणि बाहेर काकू बसल्या होत्या. मी कार्डांचा गठ्ठा पिशवीत भरला आणि उठले. परतताना काकू ज्या बसमध्ये चढल्या ती बस मी जाऊ दिली. पुढची येईपर्यंत आम्ही स्टँडवर उभे राहिलो.

महिनाअखेरीला टेबलावर दुसरा माणूस आला. भाऊ घरी बसला. मग सुरू झालं ते विचारणं. टीव्हीवर कोणी दिसलं की "ताई, हा हसून राहिला का?" दारात कोणी आलं की "ताई, हे चिडले का?" स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा त्याने उचलून माझ्या हवाली केला होता. प्रत्येक प्रश्नाला माझं डोकं फिरायचं. मी त्याच्यावर ओरडायची, "तूच पाह्य नं!" आणि मग आत जाऊन स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटायची.

आणि काकू? अकोल्याहून आल्याच्या चौथ्या दिवशी काकू पिशवीभर संत्री घेऊन आल्या. नऊ वर्षांत पहिल्यांदाच संत्री. "माहेराहून आले, मोर्शीचे हायेत, गोड हायेत." ती संत्री कशासाठी होती हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक. मी घेतली. सोलून भावालाही दिली.

फेब्रुवारीत मृगबहाराची संत्री उतरली आणि काकू दुसरी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. मी नुकतीच शाळेतून आले होते. भाऊ पलंगावर, भिंतीकडे तोंड करून. काकू हसून म्हणाल्या, "कसा हाय भाऊ? कामाले नाही जाऊन राहिला का आजकाल?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांना दुखवायचा मला काही अधिकार नव्हता, हे आज कळतं. त्यांची पोर, त्यांचं दुःख, माझ्यासारखीच भीती. पण त्या वेळी मी पिशवी उंबऱ्यावर त्यांच्या पुढ्यात परत ठेवली आणि म्हणाले, "काकू, तुमी अकोल्याले होत्या. याने तुमाले बरोबर ओळखलं होतं. मी त्याले खोटं पाडलं, तुमच्यासाठी अन् माह्यासाठी. त्याच्यापायी त्याची नोकरी गेली."

काकू हसत राहिल्या. "काहीतरीच बोलून राहिल्या मॅडम तुमी. मी कायले जाऊ अकोल्याले? दुसरं कोणी असन."

भाऊ पलंगावरून उठला होता. तो दारापर्यंत आला आणि त्या हसणाऱ्या बाईकडे बघत राहिला. मला वाटलं, आता विचारेल, ताई, ह्या हसून राहिल्या का.

"ताई," तो म्हणाला, "काकू अजून घाबरूनच हायेत."

"हो," मी मोठ्याने म्हणाले. "बरोबर हाय तुयं. तवाही बरोबर होतं."

काकूंचं हसू विरलं. डोळ्यांत पाणी आलं. पदर तोंडाला लावून त्या गेल्या, पिशवी उंबऱ्यावर विसरून. संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले, दोघी बसून बोललो, मुलीविषयी, खूप बोललो. पण ते नंतर. त्या क्षणी दारात आम्ही दोघंच होतो आणि भाऊ आता माझ्याकडे बघत होता.

"तवा बरोबर होतं," तो म्हणाला, "मंग तू नाही काहून म्हणली?"

तो नुसता बघत राहिला, ओठांकडे नाही, डोळ्यांकडे, मी शिकवलं होतं तसं. मग कपाटावरचा गठ्ठा काढून त्याने पलंगावर एकेक कार्ड मांडलं. राग ठेवला, उचलला. दुःख ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, तेही उचललं. भीतीवर थोडा थांबला. सगळा गठ्ठा संपला.

"तुयं कार्ड नाही यात," तो म्हणाला. "याले काय म्हणतात, ताई?"

"लाज," मी म्हणाले.

त्याने वही उघडली आणि पेन माझ्या हातात दिला. सात रकान्यांच्या पुढे मी आठवा आखला, वर तो शब्द लिहिला आणि खाली पहिली टिक केली.