एक साइझ मोठा बॉक्स

धंद्यातल्या गोष्टींचं स्विचबॉक्समधल्या तारांसारखं असतं. अजून एक मावेल म्हणता म्हणता झाकण बसेनासं होतं. माझ्या बहुतेक गोष्टींत गोविंदराव आहे. तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही दोघं भागीदारीत घरांचं वायरिंग करायचो. डिप्लोमा दोघांचाही, वर्गात पहिला मी. गिऱ्हाईक मात्र त्यालाच विचारायचं.

*

बॉक्सचं माप मी हिशेबाने काढायचो. स्विच किती, तारा किती, त्या वळवायला जागा किती. गोविंदराव तोच हिशेब करायचा आणि एक साइझ मोठा बॉक्स लावायचा.

"लाकूड फुकट मिळतं का?" मी एकदा विचारलं.

"आणि भिंत पुन्हा फोडायची ती?"

*

पापनाशमला एका जमीनदारांकडे मी अगदी नेमका बॉक्स बसवला. मग बाजार खुला झाला. त्यांच्याकडे रंगीत टीव्ही आला, वॉशिंग मशीन आलं. नव्या तारा आत कोंबून मी गुडघ्याने झाकण दाबत होतो. मालकीणबाई तमिळमध्ये, अगदी मृदू आवाजात म्हणाल्या, "सार, पुढच्या वेळी त्या दुसऱ्या सारना पाठवा."

*

एका मास्तरांकडे गोविंदरावने एवढा मोठा बॉक्स लावला, की ते म्हणाले, "भाड्याने देता येईल." मी ही गोष्ट आनंदाने गावभर सांगितली. ती ऐकून तिघांनी त्याला काम दिलं.

*

आमच्या घरी मिक्सी आणि ग्राइंडर आले. माझी बायको सरसा म्हणाली, "स्वयंपाकघराचं गोविंदभावजी करतील."

"घरात कॉन्ट्रॅक्टर असताना?"

"तुम्ही मोजून जागा द्याल."

तो बॉक्स भिंतीवर चढला त्या दिवशी मी जेवलो नाही. पुढे कधी त्याला हातही लावला नाही.

*

सरसा गेली त्या वर्षी ग्राइंडरचा स्विच गेला. गोविंदराव संध्याकाळी नेहमीसारखा येऊन बसला होता. मी त्याला उठू दिलं नाही. मेन बंद केला आणि तो बॉक्स पहिल्यांदाच उघडला. आत एका स्विचची जागा रिकामी होती. टोकांना टेप लावलेल्या दोन तारा तिथे गुंडाळून ठेवल्या होत्या.

"हे काय अर्धवट काम?" मी विचारलं. जरा बरंही वाटलं.

"वहिनींनी ठेवायला लावलं," तो म्हणाला. "म्हणाल्या, राग उतरला की ह्यांनाही काहीतरी लावावंसं वाटेल."

मी ग्राइंडरचा स्विच बदलला. त्या दोन तारा होत्या तशा गुंडाळून ठेवल्या. झाकण सहज बसलं.