लुसिना तांतीचा दगड

लुसिना तांती माझी चुलती; चुलतीला आमच्याकडे तांती म्हणतात. तिचा नवरा सिप्रियन माझा सख्खा काका, पण त्याच्याबद्दल मला कधी माया वाटली नाही आणि आता वाटायचं कारण नाही. होड्या बांधण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. समोरच्या युनियन बेटावर एक गलबत बांधायला म्हणून तीन महिन्यांसाठी गेला, चौदा वर्षांनी तिथंच मेला आणि तिथंच पुरला गेला. आमच्या कॅरियाकू बेटाच्या धक्क्यावरून ते रोज दिसतं. एवढ्या अंतरावर बायको असताना त्यानं आयना नावाच्या बाईबरोबर दुसरा संसार थाटला, चार पोरं झाली, आणि इकडे तांती विचारणाऱ्याला सांगायची, काम लांबलंय. तिच्या तोंडावर कोणी हसत नसे, एवढं मात्र खरं.

तो गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात तिनं गवंड्याकडून थडग्याचा दगड करून घेतला. ओल्या सिमेंटात अक्षरं कोरली: सिप्रियन कजो, लुसिनाचा नवरा. आमच्यात दगड लगेच लावत नाहीत. घरचे सगळे जमेपर्यंत तो घरातच राहतो. मग पलंगावर पांढऱ्या चादरीत त्याला निजवायचं, रम शिंपडत घरच्यांची नावं घ्यायची, मेलेल्याचं वेगळं ताट मांडायचं, रात्रभर ढोल वाजवायचे आणि दगड नेऊन कबरीवर बसवायचा. हे जेवण एका माणसाचं एकदाच होतं. ते झालं की माणूस सुटला.

तांतीची एकुलती मुलगी मर्ल इंग्लंडात, हडर्सफील्डला. पुढच्या वर्षी नक्की येते, असं ती दरवर्षी लिहायची. अशी सहा वर्षं गेली. दगड दाराआड उभा. तांती त्याच्यावरची धूळ पुसायची, येताजाता त्याच्याशी बोलायची, कधी त्याला चार शब्द सुनवायचीही. मी एकदा थट्टेनं म्हणालो, काका जिवंतपणी घरात इतका कधी टिकला नव्हता. ती हसली. खरं तर तिला ते सुखाचंच वाटत असावं, आणि त्याचीच मला चीड यायची.

आता माझं सांगतो. काका गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी आयनानं तिकडे दगडाचं जेवण घातलं होतं. मी मासळी घेऊन तिकडे जायचो, तेव्हा तिनं मला धक्क्यावर गाठलं आणि तांतीला घेऊन यायला सांगितलं. मी हो म्हणालो आणि तांतीला काही बोललो नाही. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, असं मनाला समजावलं. खरं कारण भित्रेपणा. दोन बायकांच्या मधे मला उभं राहायचं नव्हतं. मी एकटाच गेलो आणि जेवून आलो.

मग तांतीला स्वप्न पडलं. काका कबरीवर बोडक्या डोक्यानं बसलेला, म्हणाला, मला किती ताटकळत ठेवणार? मेलेल्यानं स्वप्नात येऊन मागितलं की आमच्याकडे टाळाटाळ चालत नाही. ती सकाळीच माझ्या दारात आली. मर्लची वाट बघणं पुरे, गुरुवारी मला तिकडे ने, संध्याकाळी परत येऊ, म्हणाली. मी समुद्र खवळलाय म्हणालो.

"काल तूच तिकडून आलास ना रे?"

गुरुवारी ती पांढरा झगा घालून, हॅट लावून होडीत बसली. पायाशी चादरीत गुंडाळलेला दगड, मांडीवर कोंबडीचं आणि तुरीच्या दाण्यांच्या भाताचं पातेलं, पिशवीत रमची बाटली. तासाभराच्या वाटेत मी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा इंजिनाशीच काहीतरी बोललो. ती मात्र खुशीत होती. दगडावर हात ठेवून म्हणाली, "चौदा वर्षं लोक काय काय बोलले, नेव्हिल. आता वाचू देत सगळ्यांना, तो कोणाचा होता ते."

युनियन बेट दुसऱ्या देशात मोडतं, म्हणून तिथं क्लिफ्टनच्या धक्क्यावर जकातीच्या अधिकाऱ्यानं गाठोड्यात काय आहे ते विचारलं. "माझा नवरा," तांती म्हणाली. तो हसला आणि आम्हाला जाऊ दिलं.

अ‍ॅश्टन गावच्या दफनभूमीत मी दगड खांद्यावर घेऊन मुद्दाम मागं राहिलो. तांती पुढं गेली आणि थांबली. कबरीच्या डोक्याशी संगमरवरी दगड होता, कडेनं शिंपले. तिनं तो बोट फिरवत वाचला. काकाचं नाव, खाली आयनाचं, खाली चार मुलांची. पुन्हा पहिल्यापासून वाचला. मला वाटलं, तिनं किंचाळावं, मला मारावं.

बातमी पोचायला तिथं वेळ लागत नाही. आयना काठी टेकत आली. तीही म्हातारी झाली होती. तिनं तांतीला बसायला सांगितलं, पाणी पुढं केलं. तांतीनं घेतलं नाही.

"लुसिनाबाई, तेव्हा का नाही आलात?" आयना म्हणाली. "याच्याबरोबर सांगावा धाडला होता मी. रम शिंपडताना पहिलं नाव तुमचंच घेणार होते. रात्र पडली तरी ढोल थांबवून ठेवले तुमच्यासाठी. आता तुमचा दगड हवा तर पायाशी लावा, माझी ना नाही."

तांतीनं माझ्याकडे बघितलं. नंतर आयनाला म्हणाली, "त्याच्या पायाशी पुष्कळ वर्षं काढली मी."

पातेलं तिनं तिथंच ठेवलं, आयनाच्या नातवंडांसाठी. दगड मी पुन्हा खांद्यावर घेतला. होडीत ती माझ्याकडे पाठ करून बसली. अर्धी वाट सरली तेव्हा तिनं मान न वळवता विचारलं, "तू जेवलास तिथं?"

"जेवलो, तांती."

"माझं नाव घेतलं का कोणी?"

एक खोटं बोललो असतो तर त्या बाईचं सगळं नसलं तरी थोडं वाचलं असतं. चार वर्षं खरं दाबून ठेवणाऱ्या माझ्या तोंडाला नेमकी तेव्हाच खरं बोलायची बुद्धी झाली. नाही, म्हणालो. तू येणार नाहीस असं धरून पहिलं नाव आयनाचं घेतलं.

धक्क्याला लागल्यावर दगड उचलायला मी वाकलो, तिच्या घरी पोचवायला.

"माझ्याकडे नको," ती म्हणाली. "तुझ्या घरी ने. तुला दाबून ठेवायची सवय आहे."

त्यानंतर तांती तीन वर्षं जगली. माझ्याशी बोलली नाही. मातीला मर्ल आली आणि आईच्या दगडाचं जेवण पुढच्या वर्षी करू, म्हणून गेली.